रहस्यकथेतील कणखर नायक व युद्ध

गुन्हेगारी कथेच्या ‘हार्ड-बॉइल्ड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपप्रकारातील पौरुषाची कल्पना आणि विसाव्या शतकातील युद्धे यांचा परस्परसंबंध. फार वेळ उकडून टणक झालेल्या अंड्यावरून हे विशेषण अमेरिकन बोलीत निबर, भावनेने सहसा न विरघळणाऱ्या माणसाला लावले जाऊ लागले व पुढे ते या कथाप्रकारास चिकटले. मराठीत त्याचा आशय ‘कणखर’ या शब्दाने बऱ्याच अंशी व्यक्त होतो. हा नायक एकटा राहतो, थोडके बोलतो, मार खातो व देतो, पैशाला किंवा मोहाला बळी पडत नाही आणि पोलीस, राजकारणी व धनिक यांच्यापैकी कोणावरही विश्वास ठेवत नाही. हे गुण वरकरणी स्वभावाचे वाटले, तरी त्यांची घडण मोठ्या प्रमाणात युद्धोत्तर समाजात झालेली आहे. युद्धावरून परतलेल्या पुरुषाला जे सांगता येत नव्हते, ते या कथाप्रकाराने गुन्ह्याच्या तपासाच्या आडून सांगितले. मराठी रहस्यकथेने हा कणखर नायक स्वीकारला. परंतु त्यामागील युद्धाची जखम तिच्या लोकप्रिय नायकमालिकांत क्वचितच उतरली. या तफावतीची कारणे साहित्यापेक्षा समाजरचनेत अधिक शोधावी लागतात.

पूर्वपीठिका : रहस्यकथा आणि युद्ध यांचा संबंध कणखर नायकाच्या आधीपासूनचा आहे. आर्थर कॉनन डॉइल यांच्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ (१८८७) या कादंबरीचा निवेदक डॉ. वॉटसन हा लष्करी शल्यवैद्य असून दुसऱ्या अफगाण युद्धात मैवंदच्या लढाईत (२७ जुलै १८८०) जखमी होऊन, प्रकृती पार खालावलेल्या अवस्थेत लंडनला परततो. शेरलॉक होम्सशी त्याची गाठ पडते ती या दुबळेपणामुळे व हातात पैसा नसल्यामुळेच. महाराष्ट्राच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी, की हा काल्पनिक डॉक्टर आपल्या पलटणीकडे जाण्यासाठी प्रथम मुंबई बंदरात उतरला होता आणि मैवंदच्या प्रत्यक्ष लढाईत ब्रिटिश पलटणीबरोबर मुंबई इलाख्याच्या सैन्यातील एतद्देशीय पलटणीही लढल्या होत्या. मुंबईची पहिली ग्रेनेडियर्स व तिसावी (जेकब्ज रायफल्स) या त्यांपैकी होत.

पहिल्या महायुद्धानंतरच्या ब्रिटिश रहस्यकथेतही युद्धाची सावली स्पष्ट दिसते. अॅगाथा क्रिस्ती यांचा एर्क्यूल प्वारो (१९२०) हा बेल्जियममधून आलेला युद्धनिर्वासित आहे, तर त्याचा मित्र हेस्टिंग्ज आघाडीवरून आजारी रजेवर घरी पाठविलेला अधिकारी आहे. डोरोथी सेयर्स यांचा लॉर्ड पीटर विम्सी (१९२३) याला तोफांच्या भडिमाराने जडलेल्या मानसिक आघाताचे झटके येतात. तथापि या कथांमध्ये गुन्हा उकलला, की विस्कटलेली समाजव्यवस्था पुन्हा सावरते. जखमी पुरुषाला आधार देण्यासाठी घर, नोकर, मित्र व वर्ग शाबूत असतात. अमेरिकन कणखर कथेने हाच आधार काढून घेतला.

उगम : एच. एल. मेंकेन व जॉर्ज जीन नेथन यांनी १९२० मध्ये सुरू केलेल्या ‘ब्लॅक मास्क’ या स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या मासिकात हा प्रकार आकारास आला. कॅरल जॉन डेली यांचा रेस विल्यम्स (१९२३) हा त्यातील आरंभीचा नायक होय. १९२६ ते १९३६ या काळात मासिकाचे संपादक असलेले जोसेफ शॉ हे पहिल्या महायुद्धात कॅप्टन होते व त्या हुद्द्यानेच ते ओळखले जात. मोजके शब्द, वेगवान घटना आणि कृतीतून प्रकट होणारे व्यक्तिचित्रण यांचा त्यांनी आग्रह धरला. युद्ध संपल्यावर अमेरिकेत मद्यबंदी (१९२०–३३) लागू झाली. बेकायदा दारूच्या धंद्यातून टोळ्या, लाचखोर पोलीस व त्यांना पाठीशी घालणारे नगरपालिकेतील पुढारी यांचे साटेलोटे निर्माण झाले. शस्त्र चालविण्यास शिकलेला, सरकारी भाषणांवरचा विश्वास उडालेला तरुण या शहरांत परतला होता. कणखर नायकाची भूमी अशा प्रकारे तयार झाली.

या प्रकाराच्या दोन प्रमुख लेखकांनी युद्ध जवळून पाहिले होते. डॅशिएल हॅमेट (१८९४–१९६१) हे पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत काम करीत असता १९१८ मध्ये सैन्याच्या रुग्णवाहिका विभागात दाखल झाले. ते परदेशी आघाडीवर गेले नाहीत. परंतु छावणीतच इन्फ्ल्यूएंझाच्या साथीने व पाठोपाठ क्षयरोगाने त्यांना गाठले आणि ते दुखणे जन्मभर सोबत राहिले. रेमंड चँडलर (१८८८–१९५९) १९१७ मध्ये कॅनडाच्या सैन्यात भरती झाले व १९१८ मध्ये फ्रान्समधील खंदकांत लढले. या अनुभवाविषयी त्यांनी फारच थोडे लिहिले. त्यांच्या कादंबऱ्यांतील नायकही आपल्या भूतकाळाविषयी जवळजवळ मौन पाळतो, हा केवळ योगायोग मानता येत नाही.

कणखर पौरुषाचे स्वरूप : हॅमेट यांच्या ‘रेड हार्व्हेस्ट’ (१९२९) या कादंबरीत एका खाणमालकाने संप मोडण्यासाठी आणलेल्या टोळ्यांनीच सारे गाव ताब्यात घेतलेले असते. निनावी गुप्तहेर या टोळ्यांना परस्परांशी झुंजवितो व प्रेतांचा खच पडतो. मात्र मधेच त्याला भीती वाटू लागते, की रक्तपाताची चटक आपल्यालाही लागत आहे. गाव अखेरीस लष्कराच्या हाती सोपवून तो निघून जातो. युद्धकथेची ही सर्व लक्षणे गुन्हेगारी कथेत उतरलेली असून, हिंसा करणारा स्वतः बदलत जातो ही तिची खरी चिंता आहे. ‘द माल्टीज फाल्कन’ (१९३०) मधील सॅम स्पेड आपल्या प्रेयसीला पोलिसांच्या स्वाधीन करतो. भावनेवर मिळविलेला ताबा हे येथे पौरुषाचे माप ठरते आणि त्याची किंमतही वाचकाला दिसते.

चँडलर यांच्या ‘द बिग स्लीप’ (१९३९) मध्ये फिलिप मार्लो एका वृद्ध, पांगळ्या जनरलची चाकरी पत्करतो. हा जनरल उष्णतेखेरीज जगू शकत नाही, म्हणून काचेच्या उबदार वनस्पतिगृहात चाकांच्या खुर्चीवर बसून असतो. त्याला मुलाच्या ठिकाणी असलेला, पूर्वी आयर्लंडच्या लढ्यात अधिकारी असलेला जावई नाहीसा झालेला आहे. जुने लष्करी वैभव विकलांग झाले आहे व तरुण योद्ध्याचा ठावठिकाणा नाही, अशा घरात मार्लो एकनिष्ठ सेवकाची भूमिका बजावतो. मध्ययुगीन सरदाराचा आदर्श चँडलर यांनी त्याच्यापुढे ठेवला आहे. पण त्या आदर्शाला साजेसे जग उरलेले नाही, याची जाणीवही कादंबरीत पदोपदी होते.

या पौरुषाची दुसरी बाजू म्हणजे स्त्रीविषयीचा संशय. पुरुष युद्धावर असताना स्त्रियांनी कारखान्यांत व कचेऱ्यांत काम केले, शहरातील त्यांचा वावर वाढला व १९२० मध्ये अमेरिकन स्त्रियांना देशभर मताधिकार मिळाला. कणखर कथांतील मोहक व घातकी स्त्री ही या बदलाने धास्तावलेल्या पुरुषी मनाची निर्मिती आहे, असे अनेक समीक्षक मानतात. समलिंगी व कृष्णवर्णीय पात्रांविषयीचा तुच्छतेचा सूरही त्याच असुरक्षिततेतून येतो. नायकाच्या कणखरपणाला सतत कोणीतरी ‘कमी पुरुष’ समोर हवा असतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर : या युद्धानंतर परतलेला सैनिक कथेच्या पार्श्वभूमीतून मध्यभागी आला. चँडलर यांच्या पटकथेवर आधारलेल्या ‘द ब्लू डाहलिया’ (१९४६) या चित्रपटात तीन नौसैनिक घरी येतात. त्यांपैकी एकाच्या डोक्यात धातूची पट्टी बसविलेली असून त्याला विस्मरणाचे झटके येतात. मूळ योजनेप्रमाणे खून त्याच्या हातून झालेला असतो. परंतु अमेरिकन नौदलाने हरकत घेतल्यामुळे चँडलर यांना खुनी बदलावा लागला. युद्धाने माणसाला खुनी बनविले, हे विधान अधिकृत संस्थांना किती झोंबत होते याचे हे बोलके उदाहरण होय.

डोरोथी ह्यूज यांच्या ‘इन अ लोनली प्लेस’ (१९४७) या कादंबरीने ही मर्यादा ओलांडली. तिचा नायक माजी वैमानिक असून तोच स्त्रियांचे गळे आवळणारा खुनी आहे. आकाशात मिळालेली सत्ता व प्रतिष्ठा शांततेच्या काळात हिरावली गेल्याची सल तो स्त्रियांवर काढतो. एका लेखिकेने पुरुषी कणखरपणाची आतून केलेली ही चिकित्सा आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या मिकी स्पिलेन यांच्या ‘आय, द ज्युरी’ या कादंबरीने नेमका उलट मार्ग धरला. माइक हॅमरचा प्राण वाचविताना पॅसिफिकच्या आघाडीवर हात गमावलेला मित्र मारला जातो व हॅमर स्वतःच न्यायाधीश होऊन खुनी स्त्रीला गोळी घालतो. येथे युद्धातील मैत्री ही कायदा मोडण्याची सबब ठरते. स्वस्त पुठ्ठाबांधणीच्या आवृत्त्यांमधून या पुस्तकाच्या लक्षावधी प्रती खपल्या. चँडलर यांच्या ‘द लाँग गुडबाय’ (१९५३) मध्ये चेहऱ्यावर युद्धाच्या खुणा असलेला टेरी लेनॉक्स मार्लोचा मित्र बनतो; पण अखेरीस शस्त्रक्रियेने चेहरा बदलून आलेल्या लेनॉक्सला मार्लो स्वीकारू शकत नाही. जखम पुसून टाकणारा माणूस त्याला परका वाटतो.

पुढे वॉल्टर मोझ्ली यांनी ‘डेव्हिल इन अ ब्लू ड्रेस’ (१९९०) मध्ये ईझी रॉलिन्स हा कृष्णवर्णीय नायक उभा केला. तो युरोपात नाझींविरुद्ध लढून आलेला आहे; परंतु १९४८ च्या लॉस अँजेलिसमध्ये त्याला पुन्हा दुय्यम माणूस म्हणून जगावे लागते. रणांगणावर सिद्ध झालेले पौरुष घरी मान्य होत नाही, हा प्रश्न या कथाप्रकारात त्यामुळे ठळकपणे पुढे आला.

मराठी रहस्यकथा : मराठीत रहस्यकथेला अफाट वाचकवर्ग मिळवून दिला तो बाबूराव अर्नाळकर (मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, मृ. १९९६) यांनी. त्यांच्या पुस्तकांची संख्या हजाराच्या वर असून या विक्रमाची नोंद ‘गिनीज बुका’त झाली. धनंजय व त्याचा सहकारी छोटू, झुंजार व त्याची पत्नी विजया, तसेच काळापहाड हे त्यांचे नायक घरोघरी पोहोचले. फिरत्या वाचनालयांतून व चाळीतील शेजाऱ्यांकडून ही पुस्तके हातोहात फिरत. त्यांच्या कथांवर मुख्यतः इंग्रज लेखकांचा प्रभाव दिसतो. झुंजार व काळापहाड ज्या परंपरेतून आले, तिचा एक मूळपुरुष म्हणजे इ. डब्ल्यू. हॉर्नंग यांचा सभ्य चोर रॅफल्स. हा रॅफल्स शेवटी बोअर युद्धात लढताना मरतो व त्या मृत्यूने त्याचे पाप धुतले जाते. मराठी नायकाला अशा प्रायश्चित्ताची गरज पडली नाही. तो कायद्याबाहेर वावरला, तरी गरिबांचा कैवारी व स्त्रियांचा रक्षक म्हणून आधीच निर्दोष असतो. झुंजाराला विजयासारखी पत्नी असणे ही गोष्टही महत्त्वाची आहे. अमेरिकन नायकाचे पौरुष एकाकीपणात आहे, तर मराठी नायकाचे पौरुष घराला धरून आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात हा नायक बदलला. मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्याने दारूबंदी आली आणि हातभट्टी, तस्करी व टोळ्या यांचे जग वाचकाच्या ओळखीचे झाले. रेल्वे स्थानकांवरील पुस्तकविक्रेत्यांकडे जेम्स हॅडली चेस यांच्या इंग्रजी कादंबऱ्या मिळू लागल्या. १९६२, १९६५ व १९७१ च्या युद्धांनी लष्करी अधिकाऱ्याभोवती नवे वलय निर्माण केले. पुण्याच्या नैर्ऋत्येस, धायरीपासून जवळच असलेल्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे १९५५ मध्ये रीतसर उद्‌घाटन झाले होते, तर साताऱ्यास १९६१ मध्ये देशातील पहिली सैनिक शाळा निघाली. शहरी मध्यमवर्गातील तरुणापुढे अधिकारपद हे एक आदर्श जीवन म्हणून उभे राहिले. गुरुनाथ नाईक (मृ. २०२१) यांनी लिहिलेल्या बाराशेच्या आसपास कादंबऱ्यांतील कॅप्टन दीप हा लष्करी नायक याच काळाचे अपत्य होय. पुण्याचे सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांनी मंदार पटवर्धन, दारा बुलंद यांसारखे साहसी नायक निर्माण करून संवादांना बोलभाषेचा चटपटीतपणा दिला. उर्दूत इब्न-ए-सफी यांच्या ‘जासूसी दुनिया’ (१९५२ पासून) या मालिकेत कर्नल फरीदी व कॅप्टन हमीद अशी हुद्देदार जोडी गाजत होती. या साऱ्या परंपरेत लष्करी हुद्दा हा नायकाच्या धैर्याची व देशनिष्ठेची हमी म्हणून येतो. शत्रू बाहेरचा असतो आणि विजयानंतर नायक जसा होता तसाच राहतो. युद्ध त्याला हुद्दा देते, आघात देत नाही.

अनुपस्थित सैनिक : याचा अर्थ महाराष्ट्राला युद्धाची झळ लागली नव्हती असा नाही. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथे वेढली गेलेली तुकडी ही सहावी, म्हणजे ‘पुणे’ डिव्हिजन होती व तीत मराठा पलटणींचे जवान होते. सुमारे पाच महिन्यांच्या उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी ती शरण गेली आणि कैदेत असंख्य सैनिक दगावले. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर यशवंत घाडगे (१९४४, मरणोत्तर) व नामदेव जाधव (१९४५) या मराठा पलटणीतील जवानांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. महार सैनिकांचा अनुभव तर ईझी रॉलिन्सच्या अनुभवाशी जुळणारा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘लढवय्या जाती’च्या सिद्धांतामुळे त्यांची भरती थांबली, पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभारली गेली, १९२१ मध्ये ती मोडण्यात आली आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट स्थापन झाली. गरज असेल तेव्हा शूर आणि गरज सरली की अस्पृश्य, असा हा व्यवहार होता.

हा सैनिक रहस्यकथेचा नायक का झाला नाही, याची काही कारणे सांगता येतात. एक, तो बहुधा सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी यांसारख्या जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबातला होता व लढाईनंतर गावी परतला. कणखर कथेला मात्र महानगर लागते. दोन, रहस्यकथेचे लेखक व प्रकाशक मुख्यतः मुंबई-पुण्याच्या शहरी वर्गातील होते आणि सैनिकाच्या घरात अक्षरओळख नुकतीच शिरत होती. तीन, १९४७ पूर्वी तो परक्या सरकारसाठी लढला होता. राष्ट्रीय चळवळीच्या भाषेत त्याच्या शौर्याला स्थान नव्हते आणि सरकारच्या भाषेत त्याच्या दुःखाला. चार, १८७८ च्या शस्त्रविषयक कायद्याने सामान्य भारतीयाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास मनाई होती. पिस्तूल खिशात घालून फिरणारा खासगी गुप्तहेर हा येथे अनुभवातून नव्हे, तर इंग्रजी पुस्तकांतून आला. पाचवे कारण पौरुषाच्या रूढ कल्पनेत आहे. वीर हा पोवाड्याचा विषय. रात्री दचकून उठणारा वीर या कल्पनेला मानवत नाही. त्याच्या पत्नीने व आईने हे पाहिले असणार. परंतु त्याची वाच्यता घराबाहेर होणे कमीपणाचे मानले गेले.

युद्धाच्या छायेत पुरुषाचा कस लागणे व तो कसास न उतरणे, हा विषय मराठीत उमटला तो रहस्यकथेबाहेर. विश्राम बेडेकर यांच्या ‘रणांगण’ (१९३९) या कादंबरीत दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोप सोडून निघालेल्या बोटीवर चक्रधर व ज्यू तरुणी हेर्टा यांची भेट होते. चक्रधराच्या भावनिक निबरपणाचे व कचखाऊपणाचे चित्रण तेथे विलक्षण प्रामाणिकपणे आले आहे. लोकप्रिय गुन्हेगारी कथेने हा धागा पुढे नेला नाही.

मूल्यमापन : कणखर कथेवर हिंसेचे उदात्तीकरण व स्त्रीद्वेष यांचा आरोप होतो आणि स्पिलेनसारख्या लेखकांच्या बाबतीत तो रास्त आहे. परंतु हॅमेट, चँडलर, ह्यूज व मोझ्ली यांच्या उत्तम कृतींत कणखरपणा हा गुण नसून लक्षण आहे. आजार त्याच्या तळाशी असतो व लेखक तो लपवीत नाही. मराठी रहस्यकथेने वाचनाची गोडी लावली, अक्षरओळख झालेल्या कामगार व गृहिणींना पुस्तकाकडे वळविले आणि अन्यायाविरुद्ध उभे राहणाऱ्या नायकाचे समाधान दिले. हे कार्य थोडे नाही. मात्र तिचा नायक कधी दमत नाही, घाबरत नाही व त्याला पश्चात्ताप होत नाही. म्हणून खऱ्या सैनिकाला त्यात स्वतःची ओळख पटण्याजोगे फारसे काही नव्हते. गावोगावच्या स्मृतिस्तंभांवर मेलेल्यांची नावे व संख्या कोरलेली आढळतात. जे परतले, त्यांनी उरलेले आयुष्य कसे काढले, याची नोंद मराठी गुन्हेगारी कथेत अद्याप पुरेशी झालेली नाही.